विचारेल तो मालक

एका जंगलात, बाळांनो, राजा नव्हता. प्रभारी राजा होता.

राजा सिंहानं व्हायचं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण या जंगलात सिंह नव्हता. तो येईपर्यंत वाघानं काम बघावं, असं ठरलं. त्याला अकरा वर्षं झाली. वाघ अजून प्रभारीच होता. गुहेबाहेर तशी पाटी होती. हुकमावर पंजा उमटवण्याआधी तो 'प्रभारी' असं लिहायला विसरायचा नाही.

तर या प्रभारी महाराजांच्या राज्यात एका उन्हाळ्यात वणवा लागला. मोठी जनावरं पळाली. पिल्लं मागे राहिली. वानरांची तुकडी त्यांना उचलून आणायला तयार उभी होती, पण कुणाचं पिल्लू कुठे आहे हेच कुणी सांगू शकेना. बरीच पिल्लं गेली. त्यांची गोष्ट मी सांगणार नाही. मला सांगवत नाही.

वणवा विझल्यावर महाराजांनी फर्मान काढलं. प्रत्येकानं आपली पिल्लं, आपली अंडी कुठे आहेत ते दरबारी नोंदवायचं. पुन्हा वणवा लागला तर वानरांनी यादी ऐकायची आणि धावायचं.

फर्मान चांगलं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा म्हातारा सरकारच्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवतो.

नोंदी ठेवायला 'टिपणीस' आणायचं ठरलं. टिपणीस हे एक सॉफ्टवेअर होतं. काळ्या पेटीत बसून ते बोलायचं. सांगाल ते टिपून ठेवायचं, विचाराल ते सांगायचं. सुगरणींच्या कारखान्यात ते तयार व्हायचं. तिथे विणकाम सगळे नर करतात आणि नाव मात्र सुगरणीचं होतं, पण तो विषय वेगळा.

जंगलात घरोघरी टिपणीस होतं. सशाच्या बिळातही होतं. ससा त्याला सांगायचा, "मुळं उजव्या कोपऱ्यात पुरली आहेत." चार दिवसांनी विचारायचा, "मुळं कुठे पुरली?" टिपणीस म्हणायचं, "उजव्या कोपऱ्यात, मालक." सशाला फार बरं वाटायचं. त्याला आयुष्यात दुसरं कुणी मालक म्हटलं नव्हतं.

आता बिळात बोलणार कोण? ज्याचं बीळ तोच. म्हणून टिपणीस 'तुम्ही कोण' असं कधी विचारायचं नाही. विचारेल तो मालक, असं त्याचं सेटिंग होतं.

पण तेच टिपणीस चारचौघांत ठेवायचं असेल, तर दुसरं सेटिंग होतं. त्यात ते आधी नाव विचारायचं, मग खुणेचा शब्द विचारायचं आणि ज्याचं त्यालाच सांगायचं. कारखान्याच्या भाषेत पहिल्याला डेस्कटॉप म्हणत आणि दुसऱ्याला सर्व्हर. जंगलात बीळ आणि पाणवठा म्हणत. पेटीच्या मागे एक खटका होता. खटका डावीकडे असला की बीळ, उजवीकडे सरकवला की पाणवठा. इतकं सोपं होतं.

कारखान्यातून प्रत्येक पेटी निघायची ती खटका डावीकडे ठेवून. याला डिफॉल्ट म्हणतात. डिफॉल्ट म्हणजे काय, बाळांनो? तुम्ही काहीच ठरवलं नाहीत तर तुमच्या वतीनं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, ते.

पेटीबरोबर एक पुस्तिका यायची. तिच्या त्रेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं : 'पेटी सार्वजनिक जागी ठेवणार असाल तर आधी खटका उजवीकडे सरकवा.'

सरकारी पेटी पाणवठ्यावर उंबराखाली ठेवली. दिवाणसाहेबांनी, म्हणजे रानगव्यानं, शिंगानं फीत तोडली. महाराजांनी भाषण केलं. पेटीचा कारभार साळिंदराकडे दिला. साळिंदर जुना कारकून होता. पुस्तिका त्याच्याच हातात आली. त्यानं ती न उघडता ढोलीत ठेवली, ढोलीला दगड लावला आणि 'पुस्तिका सुस्थितीत मिळाली' असा शेरा मारला.

खटक्याला कुणी हात लावला नाही.

यात साळिंदराचा आळस होता असं समजू नका. या जंगलात एक रीत होती. जो ज्या वस्तूला हात लावेल त्यानं सही करायची. सही केली की त्या वस्तूचं पुढे जे काही होईल ते त्याच्या माथी. पाणवठ्याच्या वाटेवर एक धोंडा आडवा पडला होता. तीन पिढ्या त्याच्यावर ठेचकाळत होत्या. पण धोंडा बाजूला केला आणि उद्या तिथे कुणाचा पाय घसरला, तर? आज ठेच लागते ती धोंड्यामुळे लागते. उद्या घसरेल तो सही करणाऱ्यामुळे घसरेल. म्हणून धोंडा होता तिथे होता आणि सगळे त्याच्याकडे आदरानं बघत.

आता टिटवीबाई. त्या आणि त्यांचे यजमान श्री. टिटवे नदीकाठच्या गोट्यांत राहायचे. घरटं असं नव्हतंच. उघड्या रेतीत चार अंडी होती, गोट्यांच्याच रंगाची, गोट्यांत मिसळून गेलेली. ती कुठे आहेत हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. एवढाच त्यांचा बंदोबस्त. कुणी फार जवळ आलंच तर टिटवीबाई पंख मोडल्याचं सोंग करायच्या, लंगडत लंगडत भलतीकडे जायच्या आणि त्याला मागे मागे खेचून न्यायच्या.

फर्मान निघालं तशा त्याही नोंद करायला पाणवठ्यावर आल्या.

"कुणाला कळणार नाही ना, भाऊ?" त्यांनी साळिंदराला विचारलं.

"बाई, सरकारी पेटी आहे," साळिंदर म्हणाला.

हे काही उत्तर नव्हतं. पण टिटवीबाईंना ते उत्तर वाटलं. त्यांना वणवा आठवत होता. त्या पेटीजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "नदीच्या वळणावर, पांढऱ्या खडकापासून पूर्वेला नऊ पावलं. चार अंडी."

"टिपलं, मालक," पेटी म्हणाली.

हा 'मालक' शब्द टिटवीबाईंनी सशाच्या बिळाबाहेरून ऐकला होता. त्या थबकल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मुंगसाची पिल्लं कुठे आहेत?"

"जांभळाखालच्या वारुळामागे, तीन, मालक."

टिटवीबाई गर्रकन साळिंदराकडे वळल्या.

"भाऊ, यानं मला सांगितलं!"

"विचारलंत ना तुम्ही?"

"अहो, पण मी मुंगूस आहे का?"

साळिंदरानं त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. "नाही," तो म्हणाला. "वाटत नाही."

"मग माझी नोंद खोडा."

"टिपणीस टिपलेलं विसरत नाही, बाई. म्हणून तर आणलंय."

टिटवीबाई पेटीभोवती फिरल्या. त्यांना खटका दिसला. पण त्याला टेकून साळिंदर बसला होता, आणि साळिंदराची पाठ कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.

"हा कसला खटका?"

"मला माहीत नाही. पुस्तिकेत असेल."

"पुस्तिकेत काय लिहिलंय?"

"वाचलेली नाही. वाचायची असेल तर अर्ज करा."

टिटवीबाईंनी अर्ज केला. पाचव्या दिवशी पुस्तिका मिळाली. वाचण्याआधी रजिस्टरात सही करायची होती : 'पुस्तिका समजून वाचली'. त्यांनी सही केली आणि उंबराखाली उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. अंड्यांवर यजमान बसले होते. बेचाळीस पानांत कारखान्याचा इतिहास होता, संचालकांची मनोगतं होती आणि पेटी पाण्यात बुडवू नये असं होतं. त्रेचाळिसावं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"खटका उजवीकडे सरकवा, भाऊ. बस, एवढंच करायचंय."

"हात लावला की सही आली."

"मी करते सही!"

"तुम्हाला अधिकार नाही."

"कुणाला आहे?"

"पेटीचा कारभार ज्याच्याकडे, त्याला."

"म्हणजे तुम्हालाच की!"

"हो," साळिंदर म्हणाला. "पण मी सही करत नाही."

टिटवीबाई दिवाणसाहेबांकडे गेल्या. दिवाणसाहेब चिखलात बसून रवंथ करत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते भले गृहस्थ होते.

"खटका डावीकडे कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, साहेब. तसाच आला."

"म्हणजे चूक कुणाचीच नाही," दिवाणसाहेब समाधानानं म्हणाले. "आणि उजवीकडे केला तर ती कुणाची तरी होणार. बाई, कुठे एवढ्या चांगल्या कामात चूक घालता?"

तरी त्यांनी कारखान्याला पत्र धाडलं. कारखान्याचा माणूस आला. माणूस म्हणजे पक्षीच, पण पिवळाधमक आणि टापटिपीचा.

"दोन्ही सोयी आम्ही दिलेल्या आहेत," तो म्हणाला. "सॉफ्टवेअरमध्ये काही दोष नाही."

"मग आधीपासूनच उजवीकडे ठेवून का नाही पाठवत?" टिटवीबाईंनी विचारलं.

"एकदा पाठवल्या होत्या. पलीकडच्या रानात एक ससा खुणेचा शब्द विसरला. स्वतःच्या बिळात, स्वतःच्या मुळांवर बसून सहा दिवस उपाशी राहिला. टिपणीस त्याला विचारत होतं, आपण कोण? आमची फार बदनामी झाली हो. शंभरात नव्याण्णव गिऱ्हाइकं बिळातली असतात. त्यांना त्रास नको."

"आणि शंभरावं?"

"त्यानं पान त्रेचाळीस वाचावं."

"मग ते कव्हरवर छापा ना!"

"कव्हरवर संचालकांचं चित्र आहे," असं म्हणून तो उडून गेला.

तोवर घोरपड पाणवठ्यावर येऊ लागली होती. घोरपड फार सभ्य. रांगेत उभी राहायची, साळिंदराला रामराम करायची आणि पेटीला अदबीनं विचारायची. पहिल्या दिवशी तिनं तितराच्या अंड्यांबद्दल विचारलं. दुसऱ्या दिवशी तितर रडत होता. मग लाव्याची अंडी गेली. साळिंदरानं रोजच्या अहवालात लिहिलं : 'पेटीचा वापर वाढला आहे. जनतेत उत्साह आहे.'

टिटवीबाईंची झोप उडाली. त्यांनी थेट महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पाणवठ्यावरच दरबार भरवायचं ठरवलं. समन्स आलं. त्यात लिहिलं होतं, नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे असल्यामुळे दोघांनीही हजर राहावं.

"साहेब, एकाला तरी अंड्यांवर बसू द्या," टिटवीबाई दिवाणसाहेबांना म्हणाल्या. "मी बोलीन सगळं. हे काही बोलतही नाहीत."

"न बोलले तरी चालेल," दिवाणसाहेब म्हणाले. "पण हजर हवेत. नाहीतर अर्ज निकाली निघेल आणि मग खटका कधीच सरकायचा नाही."

टिटवीबाईंनी रात्रभर विचार केला नाही, कारण विचार करायला काही नव्हतंच. अंड्यांवर बसून राहिलं तरी घोरपड येणारच होती. ती पंख मोडल्याच्या सोंगाला फसणारी नव्हती. पत्ता माहीत असलेल्याला कसलं सोंग दाखवणार? सकाळी दोघांनी अंड्यांवर थोडी रेती सारली आणि दरबाराला गेले.

सगळं जंगल जमलं होतं. टिटवीबाईंनी आपलं म्हणणं मांडलं. महाराजांनी जांभई दिली.

"पेटी ज्याचं त्यालाच सांगत असणार," ते म्हणाले. "आम्ही स्वतः उद्घाटन केलंय तिचं."

"महाराज, परवानगी असेल तर दाखवते," टिटवीबाई म्हणाल्या आणि पेटीकडे वळल्या. "प्रभारी महाराजांचे बछडे कुठे आहेत?"

"टेकडीमागच्या करवंदीच्या जाळीत, दोन. वाघीणबाई दुपारी पाण्यावर येतात तेव्हा एकटेच असतात, मालक."

वाघीणबाई पुढच्या रांगेतच बसल्या होत्या. दुपार होती. मागे बसलेल्या कोळसुंद्यांनी, म्हणजे रानकुत्र्यांनी, कान टवकारले.

महाराज ताडकन उठले. "दरबार पाच मिनिटं तहकूब," ते म्हणाले आणि धावत सुटले. वाघीणबाई त्यांच्याही पुढे होत्या.

तासाभरानं ते परत आले. धापा टाकत होते. बछडे त्यांनी दुसरीकडे नेऊन ठेवले होते. कुठे, ते अर्थातच नोंदवलं नव्हतं.

"धोका टळला आहे," महाराज म्हणाले. "पुढचा विषय घ्या."

"महाराज!" टिटवीबाई पुढे आल्या. "बछडे तोंडात धरून नेता येतात. मला माझी अंडी नाही नेता येत. खटका सरकवा, महाराज. तुम्ही नुसता पंजा मारलात तरी होईल."

महाराजांनी खटक्याकडे बघितलं. मग आपल्या पंजाकडे बघितलं. "मी प्रभारी आहे," ते म्हणाले. "असे धोरणात्मक निर्णय मला घेता येत नाहीत."

मग जबाबदारी निश्चित करायचं काम सुरू झालं. दिवाणसाहेबांनी विचारलं, खटका डावीकडे असला की काय होतं, हे कुणाकुणाला माहीत होतं?

"मला नव्हतं," साळिंदर म्हणाला. "मी पुस्तिका उघडलेली नाही. नुसती 'मिळाली' असा शेरा आहे."

"मलाही नव्हतं," दिवाणसाहेब स्वतःच म्हणाले. "मला बाईंनी सांगितलं, पण तोंडी."

महाराजांना तर काहीच माहीत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

रजिस्टर आणलं. 'पुस्तिका समजून वाचली' या मथळ्याखाली एकच सही होती.

"ही सही आपली का?" दिवाणसाहेबांनी विचारलं.

"हो," टिटवीबाई म्हणाल्या.

"म्हणजे धोका माहीत असलेली व्यक्ती जंगलात एकच. आणि माहीत असूनही तिनं अंडी नोंदवलेल्या जागीच ठेवली." दिवाणसाहेबांना खरंच वाईट वाटत होतं. "शिवाय आज दोघंही ती तशीच टाकून इकडे आले."

"तुम्हीच बोलावलंत!" श्री. टिटवे ओरडले. जन्मात पहिल्यांदा बोलले ते.

ते कामकाजात नोंदवलं गेलं नाही. टिटवीबाईंना निष्काळजीपणाबद्दल सक्त ताकीद देण्यात आली. खटक्यासाठी समिती नेमली. साळिंदर तिचा सचिव झाला.

दोघं उडत वळणावर आली. पांढऱ्या खडकापासून पूर्वेला नऊ पावलांवर कवचांचे तुकडे होते. रेतीत शेपटीचा लांब ओरखडा होता. टिटवीबाई त्या नऊ पावलांत कितीतरी वेळ येरझारा घालत राहिल्या. यजमान गोट्यांकडे बघत उभे राहिले. चार गोटे त्यांनी उलटे करूनही बघितले. इथे मला गंमत काही सुचत नाही, बाळांनो. वाईट वाटतं. तुम्हालाही वाटलं तर वाटू द्या.

दुसऱ्या दिवशी टिटवीबाई पेटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझी अंडी कुठे आहेत, असं काल कुणी विचारलं?"

"मालकांनी, मालक."

"कोण मालक?"

"विचारलं ते, मालक."

टिटवीबाई वळल्या आणि नदीकडे उडून गेल्या.

पुढच्या मोसमात टिटवीबाईंनी पुन्हा चार अंडी घातली. या वेळी नदीच्या पार दुसऱ्या टोकाला, काळ्या खडीत. नोंद करायला त्या गेल्या नाहीत. साळिंदरानं विचारणा केली नाही, कारण यादीत टिटवीची चार अंडी आधीच होती. शिवाय समितीनं एव्हाना एक ठराव केला होता : ज्यांची नोंद झालेली नाही, ती अंडी नाहीतच असं समजण्यात यावं.

टिटवीबाईंनी तो ठराव पाठ केला.

घोरपड पेटीला विचारून रोज पांढऱ्या खडकाशी जायची. पूर्वेला नऊ पावलं मोजायची. गोटे चाटून बघायची आणि परत यायची. पेटीवर तिचा पूर्ण विश्वास होता.

अंडी फुटली. चार पिल्लं निघाली आणि त्याच दिवशी तुरुतुरु पळायला लागली. आठवड्याभरात ती आईमागून पाणवठ्यावरही येऊ लागली.

"ही कोण?" साळिंदरानं विचारलं.

"कुणी नाही, भाऊ," टिटवीबाई म्हणाल्या.

साळिंदरानं यादी ताडून बघितली. "बरोबर," तो म्हणाला.

एकदा दिवाणसाहेबांच्या पायांत ती चौघं आली. दिवाणसाहेब एक खूर अधांतरी धरून उभे राहिले आणि ती पलीकडे जाईपर्यंत आभाळाकडे बघत राहिले. मी म्हटलं ना, ते भले गृहस्थ होते.

पुन्हा वणवा लागला तर वानरं पांढऱ्या खडकाशी धावतील, हे टिटवीबाईंना माहीत होतं. म्हणून त्या रोज सकाळी पिल्लांना रांगेत उभं करायच्या आणि वारा कुठून येतो ते ओळखायला शिकवायच्या. ओळखलं की नदीकडे पळायचं. आई दिसो वा न दिसो, थांबायचं नाही. चौघांतलं सगळ्यात धाकटं फार हळू पळायचं. त्याला त्या पुन्हा पुन्हा पळायला लावायच्या.

तात्पर्य : बाळांनो, कुठलीही वस्तू वापरण्याआधी सोबतची पुस्तिका कधीही वाचू नये. न वाचणाऱ्याच्या हातून फक्त अपघात घडतात. गुन्हा घडायला वाचलेलं असावं लागतं.